लॉटरीचं तिकीट आधी मागून वाचा

माझ्या मामाचा ठाणे स्टेशनबाहेर लॉटरीचा स्टॉल होता. स्टॉल म्हणायचा एवढंच. एक उभी फळी, तिच्यावर आडव्या ताणलेल्या रबराच्या पट्ट्या आणि त्यांत ओळीने खोचलेली तिकिटं. बाजूला स्टुलावर मामा, मांडीवर निकालाचा कागद, खिशात भिंग. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे बसायचो. गिऱ्हाईक यायचं, फळीवरून नजर फिरवायचं, शेवटचे दोन आकडे मनासारखे दिसले की तिकीट ओढायचं, पैसे टेकवायचं आणि घडी घालून वरच्या खिशात टाकायचं. तिकीट उलटं करून बघणारा माणूस मला चार सुट्ट्यांत मिळून दोनदा दिसला. मामा म्हणायचा, "नंबर काय, सगळेच बघतात. कामाचा मजकूर मागे असतो."

तेव्हा लॉटरी खेळायचीच असेल तर ती कशी चालते, पैसे कुठे जातात, तिकीट कसं घ्यायचं, कसं जपायचं, लागलं तर काय करायचं, हे सगळं त्या मागच्या बाजूपासून सांगतो. श्रीमंत होण्याची युक्ती यात नाही. ती मामालाही सापडली नाही, आणि त्याच्याकडे तर रोज शेकडो तिकिटं असायची.

ही सोडत कोणाची?

भारतात कायदेशीर लॉटरी राज्य सरकारांची. तिचा कायदा १९९८ चा, केंद्राचा. त्यातल्या अटी साध्या आहेत आणि गिऱ्हाइकाने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. तिकीट राज्य सरकारने छापायचं, त्यावर राज्याची मुद्रा हवी. सोडत सरकारने स्वतः आणि आपल्याच राज्यात काढायची. एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत. एका लॉटरीचे बंपर, म्हणजे मोठ्या बक्षिसाच्या खास सोडती, वर्षात सहापेक्षा जास्त नाहीत. आणि नुसत्या एका आकड्यावर बक्षीस ठेवलेलं चालणार नाही.

ही शेवटची अट मुंबईकराला समजावून सांगायला नको. मटक्याची सुरुवातच कापसाच्या ओपन-क्लोज भावावर आकडा लावण्यातून झाली. असल्या बेकायदा आकड्यांकडे जाणारा पैसा सरकारी वाटेने वळवावा, या हेतूने महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ ला सुरू झाली. केरळने आपली लॉटरी त्याआधी दोन वर्षं, १९६७ मध्ये काढली होती. तिकीट एक रुपयाचं, पहिलं बक्षीस ५०,००० रुपये, पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ला. उलट तामिळनाडूने २००३ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरी बंद करून टाकली. म्हणजे एका राज्यात जे तिकीट राजरोस फळीवर लागतं, तेच सीमेपलीकडे विकणं गुन्हा असू शकतो.

मामाच्या फळीवर महाराष्ट्राच्या तिकिटांशेजारी इतर राज्यांचीही तिकिटं असायची. म्हणून पहिली गोष्ट राज्याचं नाव बघायची. कारण मोठं बक्षीस लागलं तर दावा त्या राज्याकडे करावा लागतो. महाराष्ट्राचं तिकीट असेल तर वाशीला, राज्य लॉटरीच्या कार्यालयात जायचं. दुसऱ्या राज्याचं असेल तर कागदपत्रांची वारी तिकडे.

जाता जाता, म्हाडाच्या घरांची किंवा शाळेतल्या आरटीई प्रवेशाची 'लॉटरी' ही वेगळी गोष्ट. तिथेही सोडतच निघते, पण तिथे तुम्ही अर्जदार असता, तिकीट विकत घेतलेलं नसतं. म्हाडात घर लागलं नाही तर अनामत रक्कम परत येते. इथे परत काही येत नाही.

तिकिटावर काय काय असतं

पुढच्या बाजूला राज्याची मुद्रा, लॉटरीचं नाव, सोडत क्रमांक, सोडतीची तारीख आणि वेळ, किंमत, सिरीज आणि नंबर. यातली सिरीज, म्हणजे तेच नंबर ज्या वेगवेगळ्या गठ्ठ्यांत छापतात त्या गठ्ठ्याची खूण, लोक हमखास विसरतात. नंबर तोच पण सिरीज वेगळी, तर पहिलं बक्षीस तुमचं नाही. काही लॉटऱ्यांमध्ये अशा तिकिटाला सांत्वनपर बक्षीस असतं, काहींत तेही नाही. फळीसमोर उभं राहून "अरे, पहिलं लागलं!" म्हणून ओरडलेला आणि मग भिंगातून सिरीज बघून खाली बसलेला माणूस मी पाहिलेला आहे. त्याला मामीने पाणी दिलं होतं.

मागच्या बाजूला बक्षिसांचा तक्ता, दाव्याची मुदत आणि अटी. यातल्या तीन ओळी शोधून वाचा.

पहिली, किती सिरीज आणि एकूण किती तिकिटं. ही तिकिटावर नसेल तर त्या लॉटरीच्या सरकारी योजनेत सापडते. दुसरी, मुदत. मुदत संपली की बक्षीस सरकारजमा होतं, मग कितीही अर्ज करा. केरळात ही मुदत सोडतीपासून ३० दिवसांची आहे. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची: पहिलं बक्षीस विकल्या गेलेल्या तिकिटांतूनच काढणार का? तसं लिहिलेलं असेल तर कोणाला तरी ते नक्की लागणार. नसेल, तर नंबर न विकलेल्या तिकिटावरही पडू शकतो, आणि मग ते बक्षीस कोणाच्याच घरी जात नाही. 'पहिलं बक्षीस इतके कोटी' ही जाहिरात दोन्ही ठिकाणी सारखीच दिसते.

तिकिटाची खरी किंमत काढून बघा

हा हिशेब एकदा हाताने केला पाहिजे. पाचवीतलं गणित आहे. समजा एक साप्ताहिक लॉटरी आहे (ही मी उदाहरणासाठी रचलेली). तिकीट ५० रुपये. सिरीज पाच, प्रत्येकीत ००००० ते ९९९९९ असे एक लाख नंबर. म्हणजे पाच लाख तिकिटं, सगळी खपली तर अडीच कोटी रुपये.

बक्षिसांचा तक्ता असा:

पहिलं ५० लाखांचं, एक.
दुसरं एक लाखाचं, प्रत्येक सिरीजमध्ये एक, म्हणजे पाच. मिळून ५ लाख.
तिसरं १०,००० चं, शेवटच्या चार आकड्यांवर, एकदा काढलेलं. एका सिरीजमध्ये असे दहा नंबर, पाच सिरीजमध्ये ५०. मिळून ५ लाख.
चौथं १,००० चं, शेवटच्या चार आकड्यांवर, दहा वेळा काढलेलं. ५०० तिकिटं, ५ लाख.
पाचवं २०० चं, शेवटच्या तीन आकड्यांवर, दहा वेळा. ५,००० तिकिटं, १० लाख.
सहावं १०० चं, शेवटच्या दोन आकड्यांवर, पाच वेळा. २५,००० तिकिटं, २५ लाख.

बेरीज करा: एक कोटी. जमा अडीच कोटी, वाटप एक कोटी. म्हणजे ५० रुपयांच्या तिकिटामागे सरासरी २० रुपये परत येतात. त्या वीसमधले दहा रुपये एकट्या पहिल्या बक्षिसाचे आहेत, जे पाच लाखांत एकाला मिळणार. उरलेल्यांच्या दृष्टीने तिकीट दहा रुपयांचं.

आता किती लोकांना काहीतरी लागतं ते बघा. एकूण ३०,५५६ तिकिटं, म्हणजे शंभरातली सहा. आणि त्या सहांपैकी जवळजवळ पाच जणांना फक्त १०० रुपये लागलेत. मामा या १०० रुपयांना 'आमिष' म्हणत नसे, 'भाडं' म्हणायचा. कारण ते पैसे बहुतेक वेळा फळीवरून हलतच नसत. गिऱ्हाईक त्यांची पुन्हा दोन तिकिटं घ्यायचं.

बाकीचे दीड कोटी कुठे गेले? एक मोठा वाटा जीएसटीचा. मार्च २०२० पासून सगळ्या लॉटऱ्यांवर २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कर छापील किमतीतच धरलेला असतो, म्हणून ५० रुपयांच्या तिकिटात सुमारे १४ रुपये २९ पैसे करच आहे. शिवाय घाऊक विक्रेत्याचं आणि फळीवाल्याचं कमिशन, छपाई, सोडतीचा खर्च, आणि उरेल ते राज्याच्या तिजोरीत. कर वाढतो आणि तिकिटाची किंमत तीच राहते तेव्हा कात्री बक्षिसांना आणि कमिशनला लागते. दुसरीकडून पैसा येणार कुठून?

तुमच्या हातातल्या खऱ्या तिकिटाचा हिशेब याच पद्धतीने करा. प्रत्येक ओळीत बक्षिसाची रक्कम गुणिले किती तिकिटांना, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण तिकिटं. दोन लॉटऱ्यांमधून एक निवडायची असेल तर जाहिरातीतला कोटीचा आकडा न बघता हा भागाकार बघा.

कोणता नंबर घ्यावा

कोणताही. फळीवरचं प्रत्येक तिकीट सारख्याच लायकीचं असतं. सोडतीच्या यंत्रात प्रत्येक स्थानासाठी शून्य ते नऊ आकड्यांची चक्रं फिरतात, पंच आणि प्रेक्षक समोर बसलेले असतात, आणि चक्राला मागच्या आठवड्याचा निकाल आठवत नाही. तरीही मागच्या सहा महिन्यांच्या निकालांचा तक्ता वहीत उतरवून "चौर्‍याहत्तर बरेच दिवस आला नाही, आता येणार" असं सांगणारे रेल्वेतले एक फिटर काका आमचे रोजचे गिऱ्हाईक होते. वही सुरेख ठेवलेली, लाल-निळ्या शाईत. मामाने त्यांना कधी अडवलं नाही, धंदा होता.

सलग नंबर घ्यावेत की सगळ्या सिरीजमधला एकच नंबर घ्यावा, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. वर काढलेल्या उदाहरणात पाच सिरीजमधलं एकाच नंबराचं तिकीट घेतलं, तर शेवटच्या आकड्यांवरचं बक्षीस लागलं की पाचही तिकिटांना लागेल, नाही तर बहुधा पाचही कोरी. वेगवेगळे शेवट घेतले तर छोटं काहीतरी लागायची शक्यता वाढेल, पण बहुधा एका वेळी एकालाच. सरासरीत एका पैशाचाही फरक नाही. ज्याला जसं रुचेल तसं.

नंबर स्वतः निवडायचा असतो अशा लॉटऱ्यांचं गणित जरा निराळं. ४९ मधले ६ आकडे जुळवायचे तर शक्यता १,३९,८३,८१६ मध्ये एक. अमेरिकेत राहणारे आपले लोक पॉवरबॉल खेळतात, तिथे पहिल्या बक्षिसाची शक्यता २९ कोटी २२ लाख १ हजार ३३८ मध्ये एक. अशा खेळात पहिलं बक्षीस जितक्यांना लागेल तितक्यांत वाटलं जातं. म्हणून वाढदिवसांच्या तारखा, म्हणजे १ ते ३१, टाळाव्यात. तेच आकडे हजारो लोक लावतात. शक्यता वाढत नाही, पण लागलं तर वाटेकरी कमी. फळीवरच्या छापील तिकिटाला हे लागू नाही.

आणि भारतात बसून परदेशी लॉटरीचं तिकीट मागवू नका. लॉटरीची तिकिटं घेण्यासाठी परदेशी पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांनुसार बंदी आहे. तिथे राहत असाल तर गोष्ट वेगळी.

वाटणीत खेळायचं असेल तर

ऑफिसात, चाळीत, गटात मिळून तिकीट काढण्याची पद्धत मला आवडते. खर्च कमी, गंमत तीच. जुलै २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात परप्पनंगडी नगरपालिकेसाठी कचरा गोळा करणाऱ्या अकरा बायकांनी मिळून २५० रुपयांचं मान्सून बंपर घेतलं. नऊ जणींचे २५ रुपये, उरलेल्या दोघींचे साडेबारा-साडेबारा. त्या तिकिटाला १० कोटी लागले.

पण तिकीट एकाच्याच खिशात असतं, आणि ज्याच्या हातात ते त्याचं पारडं जड. म्हणून सोडतीच्या आधी एक कागद करा: तिकिटाचं नाव, सोडत क्रमांक, सिरीज, नंबर, कोणी किती रुपये घातले, आणि सगळ्यांच्या सह्या. दोन्ही बाजूंचा फोटो गटात टाका. फोटोवर तारीख-वेळ असते, ती उपयोगी पडते. "आपल्यात कशाला लिहायचं" असं कोणी म्हणालं तर त्यालाच लिहायला बसवा.

जपणं

तिकीट ही नोट समजा, म्हणजे चूक होणार नाही. घेतल्या घेतल्या मागे आपलं नाव, पत्ता आणि सही करा. सही नसलेलं तिकीट हरवलं तर ज्याला सापडलं तो मालक. घडी नंबरावरून जाऊ देऊ नका, टाचणी-स्टेपल मारू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका. वहीच्या पानांत सपाट ठेवा.

एका गिऱ्हाइकाचं तिकीट शर्टाच्या खिशातून बालदीत गेलं होतं. त्याने ते उन्हात वाळवून, दोन काचांमध्ये धरून आणलं. शेवटचे चार आकडे दिसत होते, बक्षीस दहा हजारांचं होतं, पण सिरीज आणि बारकोड साबणात गेलेला. मामाने हात जोडले. तो माणूस काचा तिथेच ठेवून गेला.

निकाल आणि दावा

निकाल सरकारी संकेतस्थळावर किंवा अधिकृत निकालपत्रात बघा. मेसेजमधून फिरणाऱ्या चित्रांवर विश्वास ठेवू नका. त्यांत एखादा आकडा चुकला तरी तुम्ही चांगलं तिकीट कचऱ्यात टाकाल. तपासताना क्रम असा ठेवा: आधी लॉटरीचं नाव आणि सोडत क्रमांक, मग तारीख, मग सिरीज, मग पूर्ण नंबर, आणि शेवटी चार, तीन, दोन आकडे. एकदा तपासून झालं की उलट क्रमाने पुन्हा. छोटी बक्षिसं लोकांची याच कंटाळ्यात राहून जातात.

छोटी रक्कम विक्रेत्याकडेच मिळते. मर्यादा राज्याप्रमाणे बदलते. केरळात ५,००० रुपयांपर्यंत दुकानात, त्यावरच्यासाठी ओळखपत्रासह सरकारी लॉटरी कार्यालयात किंवा बँकेमार्फत. मोठ्या बक्षिसाला मूळ तिकीट, दाव्याचा अर्ज, पॅन, आधार, फोटो आणि बँक खात्याचा पुरावा लागतो. मूळ तिकीट देताना त्याच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही.

या टप्प्यावर एक माणूस भेटू शकतो. गोड बोलतो, म्हणतो, "कर कापून तुम्हाला कमी मिळणार. तिकीट मला द्या, मी रोख थोडे जास्त देतो." त्याला आपला काळा पैसा पांढरा करून घ्यायचा असतो. त्यात तुम्ही सापडाल, तो नाही.

कर

लॉटरीच्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के आयकर. तुमचा पगार कमी असला तरी, करमुक्त मर्यादेचा फायदा इथे मिळत नाही. वर्षभरात घेतलेल्या कोऱ्या तिकिटांचा खर्चही वजा होत नाही. १०,००० रुपयांवरच्या बक्षिसातून ३० टक्के कापूनच पैसे हातात येतात. पण कापलं म्हणजे संपलं असं नाही. त्या करावर आणखी ४ टक्के उपकर असतो आणि उत्पन्न ५० लाखांवर गेलं की करावरच अधिभार. १० लाख लागले तर तीन लाख कापले जातील, १२,००० उपकर तुम्ही भरायचा. हातात ६ लाख ८८ हजार.

मोठ्या आकड्यांत हा फरक डोळे पांढरे करतो. केरळच्या ओणम बंपरचं तिकीट ५०० रुपयांचं, पहिलं बक्षीस २५ कोटींचं. त्यातून १० टक्के एजंटचं कमिशन, राहिले साडेबावीस कोटी. ३० टक्के कापून १५ कोटी ७५ लाख खात्यात. २०२२ मध्ये, म्हणजे हे बक्षीस पहिल्यांदा इतकं मोठं झालं त्या वर्षी, ३७ टक्के अधिभार आणि उपकर धरला तर शेवटी १२ कोटी ८८ लाख उरत होते. आता नव्या करप्रणालीत अधिभार २५ टक्क्यांवर थांबतो, म्हणून तेच बक्षीस १३ कोटी ७२ लाखांच्या आसपास जातं. खात्यात आलेल्या पावणेसोळा कोटींपैकी दोन कोटी आपले नाहीतच, हे कोणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं. म्हणून पैसे आले की आधी सनदी लेखापाल गाठा, आगाऊ कर भरा, मग गाडी बघायला जा.

न काढलेली लॉटरी

"अभिनंदन, तुमच्या मोबाइल नंबरला २५ लाखांची लॉटरी लागली आहे." प्रसिद्ध टीव्ही कार्यक्रमांच्या नावाने हे मेसेज वर्षानुवर्षं फिरताहेत. आधी प्रक्रिया शुल्क मागतात, मग जीएसटी, मग 'आरबीआय क्लिअरन्स'. सरकारी लॉटरीत बक्षीस देण्यासाठी आधी पैसे मागत नाहीत. कर बक्षिसातूनच कापला जातो. दुसरा प्रकार म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर केरळच्या तिकिटाचा फोटो पाठवून पैसे घेणारे. केरळची लॉटरी कागदीच आहे आणि ती केरळातच विकली जाते. एकाच तिकिटाचा फोटो पन्नास जणांना पाठवणं काय अवघड? पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता असते.

मामा गेल्यावर काही वर्षं मामीने स्टॉल चालवला. आता तो नाही, पण तिला गेल्या दिवाळीत असाच फोन आला. माणूस हिंदीत, फार अदबीने बोलत होता. मामीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठीक आहे भाऊ, सिरीज कोणती? आणि सोडत क्रमांक?"

त्याने फोन ठेवला.